मंगळावरची टिंबं कागदाबाहेर का जातात?

रविवारी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन दादरला आमच्याकडे आली. पोह्यांची ताटली बाजूला सरकवत म्हणाली, "मामा, तुमचं ते नकाशाचं सॉफ्टवेअर बिघडलंय." मी दिवसभर शहराचे नकाशे हाताळतो, त्यामुळे जगातलं कुठलंही नकाशाचं सॉफ्टवेअर बिघडलं की आमच्या घरात ते माझंच असतं.

पडद्यावर मंगळ होता. तांबूस, आडवा पसरलेला, दुप्पट रुंद. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने त्यावर चार जागा टाकल्या होत्या. नासाची क्युरिऑसिटी ही बग्गी २०१२ साली उतरली ते गेल विवर, पर्सिव्हरन्स २०२१ साली उतरली ते जेझेरो विवर, ऑलिम्पस मॉन्स हा महाकाय ज्वालामुखी आणि २००४ साली ऑपॉर्च्युनिटी उतरली ती जागा. पहिली दोन टिंबं बरोबर विवरांवर बसली होती. उरलेली दोन नकाशाच्या उजव्या कडेपलीकडे, पांढऱ्या पोकळीत लटकत होती.

"तक्ता चुकला असता तर चारही चुकायला हवी होती ना?" हा तिचा मुद्दा होता. तर्क बिनतोड वाटतो. पण गोची नेमकी तिथेच आहे.

तिच्या तक्त्यात रेखांश असे होते: गेल १३७.४, जेझेरो ७७.५, ऑलिम्पस मॉन्स २२६.२, ऑपॉर्च्युनिटी ३५४.५. आकडे चारही अचूक. खालचा नकाशा मात्र −१८० पासून +१८० पर्यंतचा होता. त्या नकाशाला २२६ नावाची जागाच ठाऊक नाही, म्हणून त्याने ते टिंब आपल्या कडेपासून पुढे मोजत नेऊन पांढऱ्यात ठेवलं.

रेखांश म्हणजे गोलाभोवतीची फेरी. फेरीला टोक नसतं, पण आकडे लिहायचे तर कुठेतरी कात्री चालवावी लागते. एक पद्धत अशी की शून्यापासून निघायचं आणि पूर्वेकडे मोजत ३६० ला परत यायचं. दुसरी अशी की शून्यापासून पूर्वेला १८० पर्यंत अधिक आणि पश्चिमेला १८० पर्यंत उणे मोजायचं. पहिल्या पद्धतीत कात्री शून्यावर चालते, दुसरीत बरोबर पाठीमागे, १८० वर. पृथ्वीच्या नकाशात आपल्याला दुसरीची सवय, कारण १८० ची रेघ बहुतेक पॅसिफिकमधून जाते आणि तिथे कापलं तर फारसं कुणाचं घर तुटत नाही. मंगळाच्या आधुनिक माहितीत पहिलीचं राज्य आहे.

आता गंमत बघा. शून्य ते १८० या अर्ध्या गोलात दोन्ही पद्धतींचे आकडे सारखेच. गेल १३७.४ म्हणजे १३७.४, जेझेरो ७७.५ म्हणजे ७७.५. फरक पडतो तो फक्त उरलेल्या अर्ध्यात. २२६.२ मधून ३६० वजा केले की −१३३.८, आणि ३५४.५ चे होतात −५.५. म्हणजे अख्खी फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली तरी अर्धी टिंबं अगदी जागच्या जागी बसतात आणि आपल्याला गाफील ठेवतात. सगळं चुकलं असतं तर पहिल्याच मिनिटाला लक्षात आलं असतं.

बदलायचं सूत्र एका ओळीचं आहे. रेखांशात १८० मिळवा, ३६० ने भागून बाकी घ्या, त्या बाकीतून १८० वजा करा. झालं −१८० ते १८०. उलट जायचं तर सरळ ३६० ने भागून बाकी घ्या. इथे संगणकाची एक खोड आहे. −१० ला ३६० ने भागून बाकी किती, असं विचारलं तर पायथन ही संगणकाची भाषा ३५० सांगते, सी आणि जावास्क्रिप्ट या भाषा मात्र −१० च परत देतात. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं तर आधी ३६० मिळवून मग बाकी काढावी. दुसरी खोड कडेची. नकाशाची हद्द ० ते ३६० असेल आणि दोन्ही आकडे या सूत्रातून काढले, तर ० चा ० होतो आणि ३६० चाही ०. नकाशाची रुंदी शून्य! हे मी स्वतः केलेलं आहे, आणि संध्याकाळभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेलो आहे.

टिंबांचं काम एवढ्यावर भागतं. चित्राचं भागत नाही. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरच्या मोला नावाच्या लेझर उंचीमापकाने मंगळाचा उंचसखलपणा मोजला. त्याचा एक प्रसिद्ध नकाशा अंशाला १२८ चौकोन या हिशेबाचा आहे, म्हणजे आडवे ४६,०८० आणि उभे २३,०४० चौकोन. एक चौकोन विषुववृत्तावर साधारण ४६३ मीटरचा. असा नकाशा ० ते ३६० मधून −१८० ते १८० मध्ये आणायचा तर रकान्यांवरचे आकडे बदलणं हे अर्धंच काम. ते बदलले की रांग अशी दिसते: ० पासून १८० पर्यंत चढत जाते, मग एकदम −१८० ला उडी, मग पुन्हा चढत शून्य. बरीचशी सॉफ्टवेअर फक्त पहिला आकडा आणि पायरीची रुंदी वाचतात, मधली उडी त्यांना दिसतच नाही. म्हणून २३,०४० व्या रकान्यानंतर चित्र उभं कापायचं आणि उजवा तुकडा उचलून डावीकडे लावायचा. डब्यांवरच्या पाट्या बदलल्या तर डबेही शंटिंग करून त्या क्रमाने लावायला नकोत का?

त्याहून कपटी प्रकार मीटरमधल्या नकाशांचा. बऱ्याच फाइलींत अंशांऐवजी मध्यरेषेपासूनचं अंतर मीटरमध्ये असतं. मंगळाचा विषुववृत्ताचा अर्धा घेर सुमारे १०,६६९ किलोमीटर, तेव्हा नकाशाची हद्द उणे तेवढे ते अधिक तेवढे. पण मध्यरेषा शून्य अंशावर धरली काय किंवा १८० अंशांवर धरली काय, हद्दीचे आकडे तेच येतात! दोन फाइली शेजारी ठेवल्या तर आकड्यांवरून कुणाची मध्यरेषा कुठली ते ओळखता येत नाही. ते सांगते फक्त सोबतची लेबल फाइल, त्यातली सेंटर लाँजिट्यूडची, म्हणजे मध्यरेषेच्या रेखांशाची ओळ. ती न वाचता पुढे गेलात तर अख्खा ग्रह अर्धी गिरकी घेतो, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

हे शून्य मुळात ठरवतं कोण? मुंबईकराला हा प्रश्न नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशभर ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ लागू झाली, पण मुंबईने ती मानली नाही. इथली 'बॉम्बे टाइम' ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायची, आणि काही ठिकाणी ती पार १९५५ पर्यंत चालत राहिली. एकाच शहरात दोन घड्याळं! ७२.८ अंशांना दर अंशी ४ मिनिटांनी गुणा, तेच ४ तास ५१ मिनिटं येतात. त्याही आधी आपल्या ज्योतिषगणितात मध्यरेखा उज्जैनवरून जायची. ग्रिनिचच्या रेघेवर मोहोर उमटली ती १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत. ग्रिनिचमध्ये काही पवित्र नाही, त्या वेळी बहुतेक जहाजांकडे तिथले तक्ते होते एवढंच.

मंगळावर समुद्र नाहीत, जहाजं नाहीत. १८३० च्या सुमारास बर्लिनमध्ये बेअर आणि मेडलर या जोडीने दुर्बिणीतून दिसणारा एक ठळक काळा ठिपका धरून मोजणी सुरू केली. पुढे मरिनर ९ यानाची छायाचित्रं आली आणि १९७२ मध्ये मर्टन डेव्हिस यांनी त्याच भागातलं जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचं एक विवर निवडलं. त्याचं नाव एअरी-०. ते एअरी नावाच्या मोठ्या विवराच्या आत आहे, आणि एअरी म्हणजे तेच जॉर्ज एअरी, ज्यांच्या ग्रिनिचमधल्या दुर्बिणीने पृथ्वीवरची शून्याची रेघ आखली. पुढे छायाचित्रं इतकी बारीक झाली की अर्धा किलोमीटरचं विवरही जाडंभरडं वाटू लागलं, म्हणून अलीकडे व्हायकिंग १ या उतरलेल्या यानाचा रेखांश पक्का धरून त्यावरून शून्य काढतात. बुधावर तर आणखी मजा. शून्याची जागा पहिल्या भेटीत अंधारात होती, म्हणून उजेडातलं एक छोटं विवर धरलं आणि त्याचा रेखांश २० अंश पश्चिम असं ठरवून टाकलं. त्याचं नाव हुन काल, माया लोकांच्या भाषेत वीस. त्यांचं मोजणंही विसाच्या पटीतलं, त्यामुळे नाव फार चपखल बसलंय.

शून्य ठरलं तरी मोजायचं कुठल्या बाजूला? पृथ्वीवर पूर्व अधिक, हे आपण गृहीत धरतो. ग्रहांच्या बाबतीत जुना नियम वेगळा आहे. दुरून दुर्बिणीतून बघणाऱ्यासमोर ग्रह फिरत असतो, आणि त्याच्या मधोमध दिसणाऱ्या रेघेचा आकडा वेळेबरोबर वाढत जावा अशी ती रीत. फलाटावर उभं राहून जाणाऱ्या गाडीचे डबे मोजावेत तसं: पुढून गेलेला पहिला, मागून आलेला दुसरा. मंगळ पृथ्वीसारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, त्यामुळे या रीतीत रेखांश पश्चिमेकडे वाढतात. गाडीत बसलेला माणूस मात्र इंजिनच्या दिशेने मोजेल. यानं ग्रहाभोवती फिरू लागली, माणसं जणू गाडीत बसली, आणि पूर्वेकडे वाढणारी मोजणी सोयीची झाली. मोलानंतर मंगळावर तीच रुळली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेला (आयएयू) दोन्ही रीती मान्य आहेत, आणि जुने छापील नकाशे अजून पश्चिमेचेच आहेत. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत जुन्या रीतीनेही रेखांश पूर्वेकडेच वाढतात. चला, एक भांडण कमी.

भाचीला हे दादर स्टेशनवरून पटकन कळलं. पूर्वी तिथे पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे फलाट तसेच ठेवून मध्यचे ८ पासून पुढे मोजायला घेतले. फलाट इंचभरही हलला नाही. पण मध्य रेल्वेवर जुना माणूस आठ नंबर म्हणतो आणि नवा माणूस आठ नंबर म्हणतो, ते दोन वेगळे फलाट. आठ हा आकडा दोन्ही हिशेबांत वैध आहे, म्हणून कुणीच हटकत नाही. २२६ सारखा आकडा निदान पांढऱ्यात जाऊन बोंब तरी मारतो. पूर्व-पश्चिमेची चूक निमूट असते. जुन्या रीतीने ऑलिम्पस मॉन्स १३३.८ पश्चिम असा लिहितात. ती दिशा गाळून नुसतं १३३.८ उतरवलं, तर सूर्यमालेतला हा सर्वांत उंच ज्वालामुखी गेल विवराच्या उत्तरेला, सपाट मैदानात जाऊन उभा राहतो. दिशा बदलायची तर ३६० मधून वजा करा: पश्चिम १३३.८ म्हणजे पूर्व २२६.२.

चंद्रावर याच गोंधळाने एक कायमची खूण सोडली आहे. पूर्वी चंद्राची पूर्व-पश्चिम आपल्या आकाशातल्या दिशांवरून ठरायची. १९६१ मध्ये ती पलटली आणि चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाची पूर्व ती पूर्व झाली. पण त्याच्या कडेला एका मोठ्या डागाचं बारसं आधीच होऊन गेलं होतं: मारे ओरिएंताले, लॅटिनमध्ये पूर्वेचा समुद्र. तो आता चंद्राच्या पश्चिम कडेला आहे. नाव मात्र कुणी बदललं नाही.

रेखांशाची कात्री आणखी एका ठिकाणी बोट कापते. ऑपॉर्च्युनिटीची जागा ३५४.५ वर, शियापरेली विवर १६.८ वर. दोन्ही विषुववृत्ताजवळ, एकमेकांपासून जेमतेम २२ अंशांवर. यांच्या मधली जागा काढायला सरासरी घेतली तर येते १८५.६, म्हणजे ग्रहाच्या थेट पाठीमागे. रात्री ११:५० आणि १२:१० यांच्या मधली वेळ दुपारचे बारा म्हणण्यासारखं आहे हे. इथे −१८० ते १८० घेतलं की −५.५ आणि १६.८ ची सरासरी ५.६ येते, बरोबर. पण तीच पद्धत १८० च्या आसपासच्या जागांना गोत्यात आणते. कात्री हलते, नाहीशी होत नाही. म्हणून कामाची जागा जिथे असेल तिच्या पाठीमागे कात्री टाकावी. हद्दींच्या आकृत्यांचंही तसंच. विवराची कड कात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर सॉफ्टवेअर ३५९ पासून १ पर्यंत लांबच्या वाटेने रेघ ओढतं आणि नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पट्टा उमटतो. तो दिसला की आकृती कात्रीवर तोडून दोन तुकडे करायचे.

एवढं झाल्यावर भाचीला वाटलं, अक्षांश तरी सरळ असतील. ते सरळ दिसतात म्हणूनच जास्त फसवतात. फिरणारा ग्रह कमरेत फुगतो. मंगळाची त्रिज्या विषुववृत्तावर ३,३९६.१९ किलोमीटर, ध्रुवाकडे ३,३७६.२० किलोमीटर. अशा चपट्या गोळ्यावर ओळंबा सोडला तर तो, ध्रुव आणि विषुववृत्त सोडून, कुठेच नेमका केंद्राकडे रोखत नाही. मग अक्षांश कुठला धरायचा? ओळंब्याची रेघ विषुववृत्ताच्या पातळीशी जो कोन करते तो, की केंद्रापासून ओढलेली रेघ करते तो? पहिल्याला प्लॅनेटोग्राफिक म्हणतात, दुसऱ्याला प्लॅनेटोसेंट्रिक. मंगळावर ४५ अंशांच्या आसपास दोघांत ०.३४ अंशाचा, म्हणजे साधारण २० किलोमीटरचा फरक पडतो.

२० किलोमीटर ऐकून काही वाटत नाही, म्हणून मी तिला घरचं उदाहरण दिलं. आपल्या दादरचा अक्षांश १९.०२. हा ओळंब्याचा, मोबाइलमध्ये दिसतो तोच. केंद्रापासून मोजला तर तो १८.९० होतो. आता हे १८.९० कुणी न सांगता आपल्या रोजच्या नकाशावर टाकलं, तर दादर सरळ कुलाब्यात जाऊन बसतं. मधलं परळ, भायखळा, सीएसएमटी सगळं ओलांडून, सुमारे १३ किलोमीटर! ती हसली आणि मग गप्प झाली, कारण तिच्या तक्त्यातले दोन अक्षांश एका ठिकाणाहून आणि दोन दुसऱ्या ठिकाणाहून उतरवलेले होते.

बहुतेक वेळा या दोन जोड्या बरोबर चालतात: ओळंब्याचा अक्षांश आणि पश्चिमेकडे वाढणारा रेखांश हा जुना संच, केंद्रीय अक्षांश आणि पूर्वेकडे वाढणारा रेखांश हा नवा. रेखांश पश्चिमेचा दिसला तर अक्षांशावरही संशय घ्यावा.

शेवटचा फास त्रिज्येचा, आणि तो आपणच आपल्या गळ्यात घालतो. प्रोज ही नकाशांची गणितं करणारी लायब्ररी आजकाल मंगळाची माहिती पृथ्वीच्या चौकटीत, म्हणजे पृथ्वीचा आकार धरून केलेल्या मोजणीत, बदलायला गेलं की नकार देते: हे दोन गोळे एकाच आकाशस्थ पिंडाचे नाहीत. मग वैतागून माणूस काय करतो? मंगळाच्या फाइलीवर पृथ्वीची डब्ल्यूजीएस ८४ चौकट चिकटवतो. नकाशा दिसतो, टिंबं बसतात, सगळे खूश. अंतर मोजेपर्यंत. पृथ्वीवर एक अंश म्हणजे विषुववृत्तावर १११ किलोमीटर, मंगळावर ५९, चंद्रावर ३०. मंगळावरचं प्रत्येक अंतर जवळजवळ दुप्पट निघतं. खरं तर प्रत्येक पिंडासाठी तयार चौकटी आहेत. आयएयू २०१५ च्या यादीत मंगळाचा क्रमांक ४९९ वरून ४९९०० पासून सुरू होतो, चंद्राचा ३०१ वरून ३०१०० पासून. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधपेटीत तो आकडा टाकला की काम होतं.

दुपारपर्यंत चारही टिंबं जागेवर बसली. तिने रकान्याचं 'रेखांश' हे नाव खोडून 'रेखांश, पूर्व अधिक, ० ते ३६०' केलं आणि अक्षांशाच्या रकान्यासमोर 'केंद्रीय' लिहिलं. मग पुढच्या सत्रासाठी चंद्र उघडला, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं ती जागा टाकली: ६९.३७ दक्षिण, ३२.३२ पूर्व.

"इथे काही करायला नको," ती म्हणाली. "रेखांश १८० च्या आत, म्हणजे दोन्हीकडे सारखा. आणि चंद्र गोलच धरतात, म्हणजे अक्षांशाचीही भानगड नाही."

बरोबर होतं. फक्त चंद्राला दोन अक्ष-चौकटी आहेत, एक त्याच्या पृथ्वीकडच्या सरासरी तोंडावरून ठरवलेली आणि दुसरी त्याच्या वजनाच्या वाटणीवरून, आणि दोघींत जमिनीवर सुमारे ८६० मीटरचा फरक पडतो. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर ती आधीच लेबल फाइल उघडून वर-खाली करत होती.

"मामा, यात चौकटीचं नाव कुठे लिहिलेलं असतं?"